वाढत्या अंगाचं कुडतं

बोरघाटच्या भागीरथेशी भांडायला कोणी जात नसे. भांडण तिच्याकडून घरपोच येई. वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या देवळाच्या थोडं अलीकडे मासे धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला होता आणि तिचं घर नेमकं नदीच्या वाटेवर. जाणारा-येणारा तिच्या दारावरून जायचा, आणि तिच्या तोंडात तंबाखू नसला तर काहीतरी ऐकूनच पुढं जायचा. आता ती गेल्यावर लोक म्हणतात, तोंडानं फटकळ पण मनानं चांगली. लोकांचं काय जातं म्हणायला. मनानं चांगली असती तर तलावावर, सगळ्या गावासमोर, गोकुळेला ते बोलली नसती.

गोकुळा म्हणजे केवळरामची बायको. केवळराम डोंगा चालवायचा, माणसं नदीपार करायचा. त्या काळात हिवतापानं नाहीतर देवीनं एखादं लेकरू नेलं नाही असं घर शोधून सापडत नव्हतं. गोकुळेची मात्र सहाच्या सहा जिवंत होती, काळी-सावळी, नागडी-उघडी, दिवसभर नदीत. आणि भागीरथेला एकुलती मैना. मैनेच्या पाठचे दोघे मातीत गेले, मग पोट पुन्हा भरलंच नाही. भागीरथा जळत होती. उगाच गोड शब्द कशाला शोधायचे, जळतच होती.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळा मोहल्ला जाळी घेऊन एकाच दिवशी तलावात उतरतो. त्या दिवशी गोकुळा भरल्या दिवसांची, पोट पुढं घेऊन, टोपली डोक्यावर ठेवून काठाकाठानं आली. भागीरथेनं जाळ्यातले झिंगे हातात घेतले, वर धरले आणि म्हणाली, "आली पाहा गोकुळा. हे पोट्टे नाई काढत, झिंगे काढते. टोपलीभर."

सगळा तलाव हसला. गोकुळेचा नवरासुद्धा हसला, हे तिला जास्त लागलं. ती टोपली उलटी करून घरी गेली. आठवड्याच्या आत मुलगा झाला. बारशाला बायकांनी विचारलं, नाव काय ठेवायचं. गोकुळा म्हणाली, "नाव त गावानं ठेवून देल्लं." आणि पोराचं नाव ठेवलं झिंगू. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी भागीरथेच्या दाराकडे तोंड करून पोराला हाक मारायची. हाक कसली, शिवीच ती. दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही जळायला तयार नव्हता.

अशात मैनेचं लग्न झालं. नदीपलीकडच्या सोनटोल्याला, रंभाबाईच्या चैतूशी. रंभाबाईचं दोन बांध्यांचं धानाचं शेत होतं, घरात दोन वेळचा भात होता, आणि त्या भाताचा तोरा तिच्या बोलण्यात होता.

मैनेला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा भागीरथेचे पाय जमिनीवर नव्हते. सातव्या महिन्यात माहेरानं ओटी भरायची आणि ओटीत होणाऱ्या लेकरासाठी कापड द्यायचं, ही रीत. रीत काय आहे तेही सगळ्यांना ठाऊक होतं. जन्माआधी लेकराच्या नावानं सुई-कात्री लावायची नाही. जुनेरं द्यायचं, कोणत्यातरी धडधाकट पोराच्या अंगावरून उतरलेलं. भागीरथा म्हणाली, "जुनेरं द्याले मी का भिकारी आहो?" आणि ती तडक मार्कंड्याच्या जत्रेत गेली. तिथं एक शिंपी मशीन घेऊन बसला होता. तांबडं झबलं, गळ्याला चमकी. शिंपी म्हणाला, "बाई, वाढत्या अंगाचं घ्या. पोरं काय, पाहता पाहता वाढतात."

भागीरथेनं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "लेकरू उपजल्यावर घालाचं आहे, का त्याच्या लग्नात? लोक घेतेत मोठं, अन् पोर त्यात हरपून जाते. मले नेमकं पायजे." तिनं आपला हात पसरला आणि कोपरापासून मनगटापर्यंत मापून दाखवलं. त्या मापाचं झबलं तिनं घेतलं. ओटीच्या दिवशी सोनटोल्याच्या बायकांसमोर तिनं ते दोन बोटांनी धरून फिरवलं. कौतुक झालं. त्यातच तिचं पोट भरलं.

लेकरू झालं. झबलं त्याला इतकं नेमकं बसलं की बायका पाहत राहिल्या. सटवीच्या पूजेआधी ते लेकरू गेलं.

दुसऱ्या खेपेला तिनं पुन्हा तेच केलं. आता तुम्ही म्हणाल, शहाणी असती तर शिकली असती. शिकायचं म्हणजे आपण चुकलो हे मान्य करावं लागतं, आणि ते भागीरथेच्या खानदानात नव्हतं. पुन्हा नवं झबलं, पुन्हा नेमकं माप. दुसरं लेकरू थोडे दिवस जास्त जगलं, इतकंच. झबल्याच्या बाह्या जरा आखूड होतील असं वाटत होतं, तेवढ्यात तेही गेलं.

सुतक फिटल्यावर सोनटोल्याच्या अंगणात रंभाबाईनं ते झबलं घडी करून भागीरथेच्या मांडीवर ठेवलं. "इहीनबाई," ती म्हणाली, "तुमच्या घरून जेवढं माप आलं तेवढंच जगलं बाप्पा. दोन्ही खेपेला."

भागीरथा झबलं घेऊन उठली. घरी येऊन तिनं ते झबलं चुलीत घातलं आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून नवऱ्यावर ओरडली. नवरा लटारू, गरीब माणूस. तो जाळं घेऊन बाहेर जाऊन बसला.

ज्या वर्षी आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला म्हणून तलाठ्यानं सांगितलं, त्या वर्षी मैनेला तिसऱ्यांदा दिवस गेले. या खेपेला रंभाबाईचा निरोप आला. निरोप साधा होता. ओटीला यायचं तर भरल्या घरचं कापड घेऊन या. ज्या घरातून एकही लेकरू गेलं नाही, त्या घरच्या पोराच्या अंगावरचं. नाही तर येऊच नका. आणि हेही लेकरू राहिलं नाही तर चैतूसाठी दुसरी पाहून ठेवली आहे, मैना आपल्या माहेरी बरी.

मैना माहेरी परत येणार म्हणजे काय, हे भागीरथेला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्याच वाटेवरच्या घरात, तिच्याच दारात बसून ती मासे विकणार, आणि जाणारा-येणारा पाहणार.

तिनं मोहल्ल्यातली घरं बोटांवर मोजली. या घरातून एक गेलं, त्या घरातून दोन. इथं देवीनं नेलं, तिथं नदीनं. फिरून फिरून बोट एकाच घरावर येऊन थांबायचं. आता तिथली पोरं सातच्या सात झाली होती.

"गोकुळेच्या घरचं," लटारू म्हणाला.

"मले ठाव नाई का? तुम्ही चूप बसा," भागीरथा म्हणाली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनाशी म्हणत ती दुसऱ्या दिवशी निघाली. बघा, पाय धरायला निघालेली बाई अजून गोकुळेला गाढवच म्हणत होती.

गोकुळा अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. शेजारच्या तीन-चार बाया मोहफुलं वाळत घालत होत्या. भागीरथा ताटीच्या, म्हणजे बांबूच्या कुंपणाच्या, बाहेर उभी राहिली. गोकुळेनं मान वर केली नाही. भागीरथा खाकरली. गोकुळेनं जाळ्याची एक गाठ मारली, दुसरी मारली. ताकाला जाऊन भांडं लपवायची भागीरथेची सवय नव्हती, पण त्या दिवशी तिनं उन्हाचं काढलं, मोहाचं काढलं, नदीचं पाणी किती उतरलं तेही काढलं. गोकुळा तशीच.

शेवटी भागीरथा म्हणाली, "मैनेची ओटी आहे."

"मंग?"

"भरल्या घरचं कापड पायजे म्हनते तिची सासू."

"मंग माह्या घरी काऊन आली? माह्या घरी पोट्टे नाई. झिंगे आहेत."

मोहफुलं वाळवणाऱ्या बायांचे हात थांबले. भागीरथेच्या जिभेवर तीन उत्तरं आली, एकाहून एक जहाल. ती तिन्ही तिनं गिळली. तिला ते किती जड गेलं ते मला ठाऊक आहे. तुम्हाला भागीरथा ठाऊक असती तर तुम्हालाही कळलं असतं.

"मोठ्यानं बोल," गोकुळा म्हणाली. "तलावावर मोठ्यानं बोलली होती. आयकू येऊ दे सगळ्यायले."

"माह्या मैनेसाठी तुह्या पोराचं कापड मांगून राह्यली मी," भागीरथा मोठ्यानं म्हणाली. "दे."

गोकुळा उठली, घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक चिंधीएवढं झबलं होतं, जुन्या लुगड्याच्या पदराचं, धुवून धुवून पांढरं पडलेलं. "घे. झिंगूचं पहिल्या दिवसाचं. सातही पोट्ट्यायनं हेच घातलं."

सात पोरं जगवलेलं झबलं. दुसरी कोणी असती तर पाया पडून घेऊन गेली असती. पण भागीरथेनं ते हातावर घेतलं, कोपरापासून मनगटापर्यंत मापलं. तेच माप. नेमकं तेच.

"हे नाई," ती म्हणाली.

"का?"

"लहान आहे. याच मापात दोन गेले माहे. मोठं दे. चालता-बोलता होते पोर, तेव्हाचं दे. ते." आणि तिनं बोट दाखवलं. अंगणात झिंगू कोंबड्यांमागं पळत होता. चार वर्षांचा झाला होता. त्याच्या अंगात हिरव्या लुगड्याचं कुडतं होतं, कोपरावर तांबडं ठिगळ, आणि शिवण सगळी जाळ्याच्या दोऱ्यानं घातलेली.

गोकुळा खवळली. "मांगाले आली अन् निवडून मांगते? ते माह्या पोराच्या अंगावरचं आहे. उतरवून टाकलेलं वेगळं. अंगावरचं देल्लं त त्याचं बळ जाते त्याच्या संगं. तुह्या नातवाले जगवाले माहं पोर मारू का मी?"

"मले मोठं पायजे."

"दरवाजा तिकडं आहे," गोकुळा म्हणाली. ताटीला दरवाजा नव्हता, पण अर्थ पोचला.

भागीरथा ते लहान झबलं मुठीत धरून घरी आली. तिला खरं तर गोकुळेची भीती कळली होती. तिनंही दोघांना पुरलं होतं, तिला ही भीती शिकवायला नको. पण कळणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. तिच्या डोळ्यांसमोर ते हिरवं कुडतं सारखं कोंबड्यांमागं पळत होतं. ते कुडतं पळत होतं हेच तिला पाहिजे होतं. झोपलेलं, गुंडाळलेलं कापड तिनं पुष्कळ पाहिलं होतं.

ओटीच्या दिवशी भर दुपारी गोकुळा नदीवर धुणं धुऊन परत गेली आणि कपडे ताटीवर वाळत टाकून आत जेवायला बसली. भागीरथा तिथून गेली. तिनं इकडंतिकडं पाहिलंही नाही. ताटीवरून ओलं हिरवं कुडतं ओढलं आणि त्याच्या जागी ते पांढरं झबलं टाकलं. मग टोपलीत तांदूळ, त्यावर कुडतं, त्यावर नारळ-खण आणि सगळ्यात वर पळसाच्या पानात बांधलेली मरळ मासोळी. मैनेला डोहाळे मरळीचेच लागले होते.

नदीत चैताचं पाणी, बरंचसं पायी पार होत होतं. मधल्या डोहात तेवढा डोंगा. डोंग्यावर केवळराम. भागीरथा टोपली मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी दाबून बसली.

"मासोळी चांगली दिसते," केवळराम म्हणाला.

"तुम्ही डोंगा पाहा भाऊ," भागीरथा म्हणाली.

सोनटोल्याला रंभाबाईच्या अंगणात मैना पाटावर बसली होती. चेहरा उतरलेला, नजर खाली. हिरव्या फांद्या बांधल्या होत्या, बायांची गाणी चालली होती. भागीरथेनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, हळदकुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला. मग ते कुडतं काढलं. अजून जरा दमट होतं.

रंभाबाईनं ते तिच्या हातातून घेतलं. दोन्ही खांद्यांना धरून ताणलं आणि बायांना दाखवलं. "पाहा व. हे आणलं इहीनबाईनं. जन्मणाऱ्या लेकराले का लग्नातल्या नवरदेवाले?"

बाया हसल्या. भागीरथेला जत्रेतला शिंपी आठवला आणि त्याला आपण काय बोललो तेही आठवलं.

"वाढत्या अंगाचं आहे," ती म्हणाली.

"वाढत्या अंगाचं," रंभाबाई म्हणाली. "वाढते त कोण? दोघं वाढले का? तिसऱ्याची आशा बी इतकी मोठी का शिवून आणाची? अन् कोणाच्या घरचं आहे हे? भरल्या घरचं सांगतलं होतं मी."

"भरल्या घरचंच आहे."

"कोणाच्या? कोण देते अंगावरचं कापड? हे त घातलं-पांघरलं दिसते. खरं सांगा."

मैनेनं मान वर केली आणि आईकडे पाहिलं. सगळं अंगण भागीरथेकडे पाहत होतं. काहीतरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी मागून आवाज आला, "माह्या घरचं आहे. चोरून आणलं हिनं."

गोकुळा होती. पदर खोचलेला, घोट्यापर्यंत वाळू. ताटीवर पांढरं झबलं दिसताच जेवणावरून उठून तशीच निघाली होती, नवऱ्याला डोंगा परत आणायला लावून. एका हातात ते पांढरं झबलं, दुसऱ्या काखेत उघडा झिंगू.

"चोरटी," रंभाबाई हळूच म्हणाली. तिला बरं वाटलं असावं.

"हो, चोरटी," गोकुळा म्हणाली. "मांगाले आली त देल्लं नाई, म्हणून चोरलं. मी माहं कुडतं न्याले आली."

ती पुढं झाली आणि रंभाबाईच्या हातातून कुडतं ओढून घेतलं. भागीरथेनं हात पुढं केला नाही. तिच्या अंगातलं भांडण सगळं संपलं होतं. ती मैनेच्या पाटाजवळ खाली बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. धूर कुठंही नव्हता.

रंभाबाई म्हणाली, "बरं झालं. न्या बाई तुमचं. हिच्या पोटीचं कोणतं इतकं मोठं होते? त्याले ते चिंधीभर झबलं पुरे आहे. देऊन जा तेच."

गोकुळा निघाली होती ती थांबली. तिनं मैनेकडे पाहिलं, मैनेच्या पोटाकडे पाहिलं. काखेतला झिंगू खाली उतरवला. सात लेकरांच्या आईला एखादी बाई लेकराबद्दल असं बोलली की कसं वाटतं, ते तिचं तिला माहीत. मला एवढं माहीत आहे की त्या घडीला तिला भागीरथेपेक्षा जास्त कोणाचा राग आला असेल, तर तो रंभाबाईचा.

"मी हे कुडतं या भागीरथेले देत नाई," गोकुळा म्हणाली. "हिले मी पाण्याचा थेंब देणार नाई. अन् दान बी करत नाई. दान देल्लं की परत येत नाई, माह्या पोराचं बळ जाते. मी हे उसनं देऊन राह्यली. पोटातल्याले."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"उसनं म्हणजे परत पायजे," गोकुळा पुढं बोलत राहिली, आता सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. "ज्यानं घेतलं त्यानंच परत कराचं. आपल्या पायानं चालत येऊन, माह्या दारात. घालून घासून परत पायजे. नवंच्या नवं घडी करून कोणी आणलं, त मी घेणार नाई. अन् माहं उसनं जो बुडवन, त्याच्या दारात येऊन मी बसन. त्याच्या आजीच्या बी." हे शेवटचं रंभाबाईकडे पाहून.

मग तिनं वाकून ते कुडतं मैनेच्या ओटीत टाकलं. ठेवलं म्हणावं असं काही त्यात नव्हतं, टाकलंच. पांढरं झबलंही त्यावर टाकलं. "हे आधी. मंग ते." आणि झिंगूचा हात धरून ती आली तशी गेली. भागीरथेकडे तिनं पाहिलं नाही.

आषाढात मैनेला मुलगी झाली. मुलगी झाली म्हणून रंभाबाईनं तोंड वाकडं केलं, पण सटवीची पूजा झाली, बारसं झालं, मुलीचं नाव कमळा ठेवलं, आणि दिवाळी आली तरी कमळा होतीच, तेव्हा तिचं तोंड हळूहळू सरळ झालं. दुसरी सून पाहून ठेवली होती तिचं पुढं कोणी नाव काढलं नाही.

दोघींचं वैर मिटलं असं मात्र समजू नका. वैर चालूच राहिलं, फक्त आता बोलून चालू राहिलं. पोळ्याला, दिवाळीला, शिवरात्रीला, गोकुळा भागीरथेच्या दारासमोर थांबायची आणि विचारायची, "माहं कुडतं कुठी आहे?"

"सैल आहे अजून," भागीरथा म्हणायची. "खांद्यावरून उतरते."

"बुडवाचा इचार दिसते तुहा."

"तू जाय आपल्या झिंग्यायकडं."

एका भाद्रपदात कमळेला हिवताप भरला. मैना तिला घेऊन माहेरी आली होती. पोर गोधडीखाली थडथड उडत होती. गोकुळा त्या दिवशी अंगणात येऊन उभी राहिली आणि ओरडायला लागली, "आयकून घे भागीरथे, मले माहं कुडतं पायजे. चालत आलेलं पायजे. दुसरं काही मी घेणार नाई." दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. लटारूनं तिला पाणी विचारलं तर नको म्हणाली. ताप उतरला आणि कमळेनं भात मागितला, त्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

पुढं सैल असलेलं कुडतं नेमकं झालं. नेमकं झालं त्या उन्हाळ्यात भागीरथा फार चिडचिडी झाली होती. नेमक्या मापाची तिला धास्ती होती. कमळेला तेच अंगात पाहिजे असायचं आणि भागीरथा तिला पाहून मान फिरवायची. मग पाऊस आला, गेला, आणि एक दिवस माहेरी आलेल्या मैनेनं पाहिलं की कुडत्याखालून पोरीचं पोट दिसू लागलं आहे.

भागीरथेनं त्याच दिवशी कमळेचं बोट धरलं. अर्ध्या वाटेवर सोडून दिलं. "चाल," म्हणाली, "आपल्या पायानं चाल."

गोकुळा अंगणात जाळं घेऊन बसली होती. कमळा समोर जाऊन उभी राहिली. हिरवं कुडतं विटून मातकट झालेलं, तांबडं ठिगळ सुटायला आलेलं.

"घे तुहं उसनं," भागीरथा म्हणाली.

गोकुळेनं पोरीचे हात वर केले आणि कुडतं ओढलं. ते काखेत अडकलं. पुन्हा ओढलं, ते डोक्यापाशी अडकलं आणि आतून कमळा रडू लागली. जाळ्याचा दोरा, तो काही तुटत नव्हता. शेवटी गोकुळेनं विळी आणून बगलेची शिवण हळूहळू कापली आणि पोरीला मोकळं केलं. फाटलेलं कुडतं तिनं मांडीवर पसरलं.

"हे असं परत करतेत का? फाडून आणलं माहं कुडतं."

"माप चुकलं तुहं, गोकुळे," भागीरथा म्हणाली. "लहान निघालं."

गोकुळेनं काही वेळ त्या फाटक्या कुडत्यावरून हात फिरवला. मग उठून घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुसरं कुडतं होतं, झिंगूचंच, आताचं, गुडघ्यापर्यंत येणारं. ते तिनं भागीरथेच्या अंगावर फेकलं.

"हे बी परत पायजे," ती म्हणाली.

भागीरथेनं ते झेललं, कमळेच्या खांद्यांना लावून पाहिलं. खालचा काठ पोरीच्या पावलांवर लोळत होता.

"सैल आहे," ती म्हणाली, आणि तिनं ते पोरीच्या डोक्यातून घातलं.